पाप, पवित्रता आणि अनंत जीवन : ख्रिस्ती शिकवणीचा एक अभ्यास

आपल्या विश्वस्त संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने मजकडे लेख मागितला, तेव्हा 'आपण शिक्षक आहात, काहीतरी अभ्यासाचे लिहा' एवढीच सूचना होती. परीक्षापद्धतीवर किंवा मातृभाषेतील शिक्षणावर चार पाने लिहिणे मला कठीण नव्हते. परंतु गेली तीन वर्षे एका विषयाचे ऋण माझ्या माथ्यावर आहे. ज्या संस्थेच्या शिष्यवृत्तीच्या यादीत हिंदू, मुसलमान, जैन, लिंगायत आणि ख्रिस्ती घरांतील मुलांची नावे एकाखाली एक येतात, तिच्या स्मरणिकेत ते फेडावे, हे मला योग्य वाटते.

हकीकत अशी. नववीच्या वर्गावर मूल्यशिक्षणाच्या तासाला निरनिराळ्या धर्मांतील सदाचाराचा विचार चालला होता. मी फळ्यावर रकाने आखले आणि ख्रिस्ती धर्माच्या रकान्यात एकच ओळ लिहिली : 'येशूवर विश्वास ठेवला की सर्व पापे माफ.' वर तोंडाने म्हणालो, "म्हणजे त्यांच्याकडे काम सोपे! आठवडाभर काहीही करा, रविवारी क्षमा मागा, स्वर्ग ठरलेला." वर्ग हसला. तिसऱ्या बाकावरचा एक ख्रिस्ती मुलगा मात्र मान खाली घालून बसला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याचे आजोबा मला भेटायला आले. मी म्हणालो, "बसा आजोबा." ते बसले नाहीत. म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेले, मी यंत्रावर काम केलेला माणूस. भांडायला आलेलो नाही. एक गोष्ट तेवढी सांगतो. तरुणपणी मी कारखान्यातले पितळेचे तुकडे डब्यात घालून घरी आणले आणि विकले. पुढे मन खाऊ लागले, म्हणून फादरांकडे पापनिवेदनाला गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ज्याचे घेतलेस त्याला परत देणार का? पाच महिने पगारातून पैसे बाजूला टाकले आणि मालकाच्या टेबलावर नेऊन ठेवले. नोकरी जाते की राहते, या भीतीने हात कापत होते. सर, आमच्याकडे काम सोपे नाही."

त्याच दिवशी मी वर्गात त्या मुलाची क्षमा मागितली. परंतु क्षमा मागणे निराळे आणि चुकीची भरपाई करणे निराळे, हे त्या वृद्ध गृहस्थांनीच मला शिकविले होते. मी चुकीचे सांगितले होते, तर बरोबर काय ते शोधून सांगणे माझ्याकडे लागत होते. म्हणून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचावयास घेतले, जाणत्यांना विचारले. मी मुसलमान आहे आणि माझ्या श्रद्धेवर ठाम आहे. शेजाऱ्याचे घर बाहेरून पाहून त्याचे वर्णन करू नये, दार वाजवून आत जावे, एवढाच या लेखाचा हेतू. प्रश्न एकच घेतला आहे : ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे मनुष्याला अनंत जीवन मिळते ते त्याच्या पवित्रतेमुळे की पापक्षमेमुळे, आणि क्षमेमुळे असेल तर पवित्रतेचे काम काय?

१. तीन शब्द

प्रथम शब्दांचा अर्थ पाहू. कारण बहुतेक गैरसमज शब्दांतच दडलेले असतात.

'पाप' या अर्थी नव्या करारात जो मुख्य ग्रीक शब्द येतो तो 'हामार्तिया'. त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे. जुन्या करारातील हिब्रू धातू 'खाता' याचाही तोच अर्थ आहे. शास्ते नावाच्या पुस्तकात सातशे डावखुऱ्या गोफणदारांचे वर्णन आहे. केसावर नेम धरला तरी तो त्यांचा चुकत नसे. तेथे 'चुकणे' या अर्थी हाच धातू आला आहे. अरबीतला आणि उर्दूतला 'खता' हा शब्द याच कुळातला. आमच्या घरी लहानपणी कपबशी फुटली की आजीसमोर उभे राहून आम्ही "खता झाली" म्हणत असू. तो शब्द इतका जुना आहे, हे मला या अभ्यासात कळले.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. पाप म्हणजे नियमांच्या यादीतील एखादा नियम मोडणे, एवढाच अर्थ येथे नाही. मनुष्य ज्या लक्ष्यासाठी निर्माण झाला, ते लक्ष्य म्हणजे ईश्वर. आणि त्याच्यापासून भलतीकडे वळलेले जीवन म्हणजे पाप. वाईट कृत्ये ही त्या वळणाची फळे होत.

दुसरा शब्द 'पवित्र'. हिब्रूत तो 'कादोश'. आमच्याकडे ईश्वराच्या नावांत 'कुद्दूस' आहे, तो याच घराण्यातला. वेगळा काढलेला, ईश्वरासाठी राखलेला, असा त्याचा अर्थ. येथे वाचकाला सोवळ्याओवळ्याची आठवण होईल, आणि जुन्या करारात तशा शुद्धाशुद्धतेचे नियम पुष्कळ आहेतही. परंतु लेवीय या पुस्तकाचा १९ वा अध्याय पाहावा. ईश्वर पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र व्हा, अशी आज्ञा आरंभी येते, आणि पवित्र होणे म्हणजे काय याचा तपशील पुढे येतो : शेताच्या कडेचे पीक गरिबासाठी सोडावे, मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नये, बहिऱ्याला शिव्या देऊ नयेत, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, वजने-मापे खरी असावीत, शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करावे. पवित्रता देवळाच्या गाभाऱ्यातून निघून शेतावर आणि दुकानाच्या तराजूपर्यंत येते, ती अशी.

तिसरा शब्द 'अनंत जीवन'. मराठी ख्रिस्ती बांधव त्यास 'सार्वकालिक जीवन' असेही म्हणतात. मरणानंतर सुरू होणारे आणि कधी न संपणारे आयुष्य, असा अर्थ आपण सहज करतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपल्या प्रार्थनेत ईश्वराला ओळखणे म्हणजेच अनंत जीवन असे सांगतो. योहानाच्या पहिल्या पत्रात तर म्हटले आहे की, जो भावाचा द्वेष करतो त्याच्यात अनंत जीवन राहत नाही. याचा अर्थ असा की, ते जीवन येथेच, या देहात असतानाच सुरू होते. अनंत जीवन हे बक्षीससमारंभात शेवटी मिळणारे पदक नसून आजच अंगात भिनू लागणारे जीवन आहे, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनाचा पाया होय.

२. पापाचे मूळ

पाप आले कोठून? उत्पत्ती या पुस्तकातील आदम आणि हव्वा यांची कथा मुसलमानांना परकी नाही. आमच्या श्रद्धेप्रमाणे आदम चुकला, पस्तावला आणि अल्लाहने त्याची तौबा स्वीकारली. त्याच्या चुकीचा भार त्याच्या लेकरांवर नाही, कारण कोणी दुसऱ्याचा भार वाहत नाही. आपल्या हिंदू बांधवांच्या कर्मसिद्धांतातही ज्याचे कर्म त्याला, हेच सूत्र आहे.

ख्रिस्ती शिकवण येथे निराळी वाट धरते. आदमाद्वारे पाप आणि मरण जगात शिरले, असे प्रेषित पौलाने रोम येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात मांडले. या विचाराला पश्चिमेकडील चर्चमध्ये घाट दिला तो उत्तर आफ्रिकेतील बिशप संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी. आपल्या 'कन्फेशन्स' या आत्मनिवेदनात त्यांनी सोळाव्या वर्षीची एक चोरी सांगितली आहे. मित्रांबरोबर त्यांनी रात्री शेजारच्या झाडाची नासपती चोरली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती, चोरलेली बहुतेक फळे डुकरांपुढे टाकली. मग चोरली का? केवळ करू नये ते करण्यात गोडी वाटली म्हणून. एवढ्याशा चोरीवर या थोर पंडिताने पानेच्या पाने लिहिली, कारण मनुष्याची इच्छाच मुळात वाकडी झाली आहे याचा पुरावा त्यांना तेथे दिसला.

त्याच काळात पेलेजियस नावाच्या साधकाचे म्हणणे निराळे होते. ईश्वराने आज्ञा दिल्या त्या पाळता येतात म्हणूनच. मनुष्याने मनावर घ्यावे, मग तो निष्पाप राहू शकेल. शिक्षकाला हे मत फार आवडण्यासारखे आहे. आम्ही रोज वर्गात हेच सांगतो. तथापि ४१८ साली कार्थेज येथील धर्मसभेने ते नाकारले. निश्चयाने हात आवरता येईल. पण नको त्याचीच ओढ लागलेले मन निश्चयाने सरळ होत नाही, असा त्यामागील अनुभव आहे. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरा मात्र आदमाचा दोष वंशात उतरतो असे मानण्यापेक्षा मरण आणि दुर्बलता वंशात उतरली, असे मानते. म्हणजे ख्रिस्ती जगातही या बाबतीत एकच एक भाषा नाही. ईश्वराच्या साहाय्यावाचून मनुष्य स्वतःला तारू शकत नाही, हा मुद्दा मात्र सर्वांना समान आहे.

३. मजुरी आणि देणगी

आता मुख्य विषय. पौलाने याच पत्रात दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. पापाबद्दल मिळते ते मरण, आणि तेथे त्याने योजलेला शब्द शिपायाच्या वेतनाचा आहे. पण अनंत जीवन मिळते ते मात्र वेतन म्हणून नव्हे, ईश्वराची देणगी म्हणून. पाप कमावता येते, अनंत जीवन कमावता येत नाही. या देणगीस ख्रिस्ती भाषेत 'कृपा' म्हणतात.

ही देणगी कशी शक्य झाली? ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे, येशूने वधस्तंभावर स्वतःचे प्राण अर्पण करून मनुष्याच्या पापाचा भार आपणावर घेतला आणि पुनरुत्थानाने मरणावर जय मिळविला. याची उपपत्ती निरनिराळ्या काळी निरनिराळ्या प्रकारे दिली गेली : कोणी ते बंदिवानासाठी भरलेले मोल मानले, कोणी मृत्यूवरचा विजय, तर कँटरबरीचे आर्चबिशप अँसेल्म यांनी अकराव्या शतकाच्या अखेरीस ईश्वराच्या दुखावलेल्या मानाची भरपाई या स्वरूपात ते मांडले. येथे इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म यांच्या वाटा स्पष्टपणे वेगळ्या होतात. आम्ही हजरत ईसांना थोर पैगंबर मानतो, पण त्यांच्या वधस्तंभावरील मृत्यूची आणि प्रायश्चित्ताची श्रद्धा आमची नव्हे. हा भेद झाकून ठेवण्यात सौजन्य नाही. तो नीट समजून घेण्यात आहे.

कृपा म्हणजे काय हे येशूच्या गोष्टींतून अधिक सोपे होते. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. वाटणी घेऊन गेलेला, सर्व उडवून डुकरे राखण्याची पाळी आलेला मुलगा घरी परततो. आपण आता पुत्र म्हणवून घेण्यास पात्र नाही, नोकर म्हणून ठेवा, असे वाक्य त्याने वाटेत घोकून ठेवलेले असते. पण तो दूर असतानाच बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. नोकरीची विनंती त्याला पुरी करूच देत नाही. मला मात्र शिक्षक या नात्याने या गोष्टीतला थोरला भाऊ अधिक ओळखीचा वाटतो. तो बाहेर अंगणात रुसून उभा आहे. इतकी वर्षे राबलो, एकही आज्ञा मोडली नाही, मला एक करडूही मिळाले नाही, हा त्याचा हिशेब. तो घरात राहून मजुरासारखा जगला. बापाशी त्याचे नाते हजेरीपटाचे होते. धाकटा पाप करून दूर गेला, तर थोरला पुण्य करूनही दूरच राहिला. म्हणून बाप त्याचीही समजूत घालण्यासाठी बाहेर येतो.

पवित्रतेचा गर्व हेही पापच, किंबहुना अधिक अवघड पाप, अशी येशूची शिकवण अनेक ठिकाणी दिसते. आपल्या उपासांची आणि दानधर्माची यादी वाचणारा परूशी आणि छाती बडवून दया मागणारा जकातदार, या दोघांपैकी घरी नीतिमान ठरून गेला तो दुसरा.

४. मग पवित्रता कशाला?

येथेच माझ्या वर्गातला प्रश्न उभा राहतो. क्षमा जर फुकट, तर चांगले वागावे कशाला? गंमत अशी की, हा आक्षेप काही माझ्या डोक्यातून प्रथम निघाला नव्हता. खुद्द पौलाने तो जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात मांडला आणि तत्काळ खोडून काढला. कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहावे काय? मुळीच नाही, जो पापाला मेला तो त्यातच कसा जगेल? सुटका झालेला कैदी रोज संध्याकाळी पुन्हा कोठडीत झोपावयास जात नाही, तसेच हे.

याचा सर्वांत स्पष्ट दाखला जक्कयाचा. तो यरिहो गावचा श्रीमंत जकातदार. लोकांना नाडून त्याने पैसा केला होता. येशूला पाहावयास तो झाडावर चढला. येशूने त्याला खाली बोलाविले आणि तुझ्याच घरी उतरणार म्हणून सांगितले. लोक कुजबुजू लागले. तेव्हा जक्कय उभा राहून म्हणाला की, माझे अर्धे धन गरिबांना देतो आणि ज्याला फसविले त्याला चौपट परत करतो. आज या घराला तारण लाभले, असे येशूने तेव्हा म्हटले. येथे क्रम पाहावा. आधी पैसे परत कर, मग मी तुझ्या घरी येईन, असे येशू म्हणत नाही. तो आधी येतो. पण तो आल्यावर तिजोरी बंद राहत नाही. भरपाई ही क्षमेची किंमत नव्हे. क्षमा खरोखर घरात शिरली याची ती खूण होय. आजोबांच्या पितळेच्या पैशांचा अर्थ मला येथे उलगडला.

उलट बाजूचे इशारेही तितकेच कडक आहेत. ज्याचे प्रचंड कर्ज राजाने माफ केले, त्याच चाकराने बाहेर पडून शंभर नाण्यांसाठी सोबत्याचा गळा धरला. तेव्हा राजाने माफी परत घेतली. मत्तयाच्या २५ व्या अध्यायातील न्यायाच्या चित्रात कसोटी आहे ती भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची आणि कैद्याची भेट यांची. कृतीवाचून विश्वास मेलेला आहे, असे याकोबाचे पत्र बजावते. आणि पवित्रतेवाचून कोणी प्रभूला पाहणार नाही, हा इशारा इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आहे.

५. पंथांचा वाद आणि समेट

कृपा आणि कृती यांचा तोल कसा राखावयाचा, यावरून युरोपात मोठा कलह झाला. पापाची शिक्षा कमी करणारी क्षमापत्रे पैसे घेऊन दिली जात, त्याविरुद्ध मार्टिन ल्यूथर यांनी १५१७ साली ९५ विधाने मांडली. मनुष्य नीतिमान ठरतो तो केवळ विश्वासाने, कृतींच्या पुण्याईने नव्हे, हा त्यांचा सिद्धांत. त्याला उत्तर म्हणून ट्रेंट येथील कॅथलिक धर्मपरिषदेने १५४७ साली आपला निर्णय दिला. कृपेवाचून केवळ स्वतःच्या कृतींनी कोणी नीतिमान ठरू शकत नाही, हे ट्रेंटनेही पहिल्याच कलमात सांगितले. पण कृपेने जागा झालेला मनुष्य तिला साथ देतो आणि पवित्रतेत वाढतो, ही बाजू तिने धरून ठेवली.

कॅथलिक शिकवणीत म्हणून मारक पाप आणि लघु पाप असा भेद आहे. बाब गंभीर असणे, ती गंभीर आहे हे पुरते ठाऊक असणे आणि राजीखुशीने ती करणे, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर पाप मारक ठरते. ते आत्म्यातील कृपेचे जीवन तोडते. त्यावर उपाय पापनिवेदनाचा संस्कार. त्यात पापीजनाकडून तीन गोष्टी लागतात : मनापासून पश्चात्ताप, धर्मगुरूपाशी कबुली आणि भरपाई. क्षमा मिळूनही ज्याची शुद्धी अपुरी राहिली त्याची मरणोत्तर शुद्धी होते. तिला गोव्याकडे 'पुर्गातोर' म्हणतात, आणि २ नोव्हेंबरला मृतांसाठी प्रार्थना होते ती या श्रद्धेने. प्रॉटेस्टंट मंडळ्या हे मानीत नाहीत. परंतु त्यांच्यातही पवित्रतेचा आग्रह कमी नाही. मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांना २४ मे १७३८ रोजी लंडनमधील एका सभेत ल्यूथर यांचे लेखन वाचले जात असता आपली पापे क्षमा झाल्याची खात्री पटली. आणि त्यानंतरचे सारे आयुष्य त्यांनी क्षमा मिळालेल्याने पवित्र व्हावे, हे सांगत घोड्यावरून देशभर हिंडण्यात घालविले. क्षमा हे दार आणि पवित्रता हे घर, असा त्यांच्या शिकवणीचा आशय आहे.

जवळजवळ पाच शतकांनंतर, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरपंथीयांचा जागतिक संघ यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. ईश्वर आपला स्वीकार करतो तो कृपेने, आपल्या गुणवत्तेमुळे नव्हे; आणि तीच कृपा आपले अंतःकरण नवे करून सत्कृत्यांस प्रवृत्त करते, असा तिचा सार. २००६ साली मेथडिस्टांनी आणि २०१७ साली रिफॉर्म्ड मंडळ्यांनीही तिला मान्यता दिली. सर्व भेद मिटले असे नव्हे. पण ज्या प्रश्नावर घरे फुटली होती, त्यावर एका बाकावर बसून उत्तर लिहिता आले, ही लहान गोष्ट नाही.

६. मराठीतील दोन साक्षी

हा विषय आपल्या भाषेला नवा नाही. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांनी साष्टी भागात चाळीस वर्षे काढली. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे रोमी लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात सृष्टीच्या उत्पत्तीपासून येशूच्या चरित्रापर्यंतची कथा आहे. स्वर्गासाठी 'वैकुंठ' आणि तारणासाठी 'मुक्ती' हे आपल्या लोकांच्या तोंडचे शब्द त्यांनी वापरले. परका विचार ऐकणाऱ्याच्या अंगणात आणून सांगावयाचा, तर आधी त्याच्या भाषेचा मान राखला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. मराठीची त्यांनी केलेली स्तुती तर प्रसिद्धच आहे.

दुसरी साक्ष पंडिता रमाबाईंची (१८५८–१९२२). संस्कृतच्या या विदुषीने १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. परंतु १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनपर निवेदनात त्यांनी प्रांजळपणे लिहिले की, त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला उमगले ते हे, की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, ख्रिस्त नव्हे. म्हणजे तत्त्वे पटली होती, नेम चालू होते, पण पापाचे ओझे उतरल्याचा अनुभव नव्हता. तो आला तेव्हा त्या निष्क्रिय झाल्या काय? १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात हिंडून निराधार मुली आणल्या; पुणे जिल्ह्यात केडगाव येथे 'मुक्ती' उभी केली; ज्या स्त्रियांना समाजाने पतित म्हणून टाकले त्यांच्यासाठी 'कृपासदन' काढले. हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम मृत्यूपूर्वी पुरे केले. ते १९२४ साली प्रसिद्ध झाले. 'मुक्ती' आणि 'कृपासदन' ही दोन नावेच शेजारी ठेवून वाचली तर आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते.

७. उपसंहार

आता सार सांगतो. ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे अनंत जीवन ही देणगी आहे. ती पवित्रतेने विकत घेता येत नाही. पण ते जीवन पवित्र ईश्वराच्या सहवासाचे असल्यामुळे, ज्याने ते घेतले तो पवित्र होत गेल्यावाचून राहू नये. न होईल तर त्याने ते घेतलेच नाही अशी शंका येते. मूल जन्मते ते श्वास घेण्याच्या कष्टाचे फळ म्हणून नव्हे. पण जन्मलेले मूल श्वास घेते. पाप त्या श्वासाचा गळा दाबते, म्हणून त्याविषयी इतकी कठोर भाषा. आणि क्षमा त्याला पुन्हा वारा देते, म्हणून तिच्याविषयी इतका आनंद.

मुसलमान या नात्याने मला हे वाचताना आपल्याकडची एक गोष्ट आठवली. कोणीही केवळ आपल्या कर्माच्या बळावर जन्नतमध्ये जाणार नाही, अल्लाहच्या रहमतीनेच जाईल, ही पैगंबरसाहेबांची शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकतो; आणि म्हणून नमाज-रोजा सोडावा असे त्यातून कोणी शहाणा मुसलमान काढीत नाही. ख्रिस्ती बांधवांच्या बाबतीत मात्र मी तोच चुकीचा निष्कर्ष काढून मुलांना हसविले होते. दोन्ही श्रद्धा एकच आहेत असे मी म्हणत नाही. वर भेद सांगितलेच आहेत. स्वतःच्या धर्मातील बारकावा आपण जपतो आणि दुसऱ्याच्या धर्माचा एका ओळीत निकाल लावतो, ही आपली सर्वांचीच खोड आहे.

आपल्या संस्थेच्या कामालाही हा विचार लागू पडतो. देणगी देताना आपण थोरल्या भावासारखा पुण्याचा हिशेब मनात ठेवतो, की आपल्यालाही कोणीतरी काही फुकट दिले होते याची आठवण ठेवून देतो? शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलाला समोरच्या नजरेत हा फरक लगेच कळतो. मी स्वतः अशाच एका शिष्यवृत्तीवर शिकलो आहे, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करतो.

यंदा नववीला तोच पाठ पुन्हा आला. फळ्यावर मी रकाने आखले नाहीत. जक्कयाची गोष्ट सांगितली आणि मुलांना विचारले, "येशू घरी आला नसता, तर त्याने पैसे परत केले असते का? आणि पैसे परत केले नसते, तर येशू घरी आला होता असे आपण म्हटले असते का?" तास संपल्याची घंटा झाली तरी मुले बोलत होती. तिसऱ्या बाकावरचा तो मुलगा आता शाळा सोडून गेला आहे. त्याच्या आजोबांकडे या स्मरणिकेची एक प्रत मी स्वतः नेऊन देणार आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. लेवीय १९ मध्ये सांगितलेल्या पवित्रतेच्या गोष्टींपैकी आपल्या गावात आज कोणती सर्वांत अधिक मोडली जाते?
२. उधळ्या पुत्राच्या गोष्टीतील दोन भावांपैकी बापापासून अधिक दूर कोण होता? का?
३. क्षमा आणि भरपाई यांचा संबंध जक्कयाच्या गोष्टीवरून आपल्या शब्दांत सांगा.
४. आदमाच्या चुकीविषयी ख्रिस्ती आणि इस्लामी शिकवणीतील भेद व साम्य लिहा.